अळिवाच्या लाडवाने हिमोग्लोबिन खरंच वाढलं का?

पोषणशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या आणि आता पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे संशोधन-आराखडे गेली दोनेक वर्षं माझ्याकडे वाचायला येतात. त्यातले बरेचसे एका साच्यातले असतात. साचा असा: एखाद्या शाळेतल्या किंवा वसतिगृहातल्या १५ ते १८ वयाच्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासायचं. ज्यांचं कमी भरेल त्यातल्या साठ मुली निवडायच्या. त्यांना ९० दिवस रोज एक लाडू द्यायचा. लाडवात अळीव, नाचणी, गूळ, खजूर. हल्ली शेवग्याच्या पाल्याची पूडही असते. ९० दिवसांनी पुन्हा हिमोग्लोबिन. आधीची सरासरी, नंतरची सरासरी, पेअर्ड टी-टेस्ट, पी ०.०५ पेक्षा कमी. निष्कर्ष: 'सदर लाडू रक्तक्षयावर प्रभावी आढळून आला.'

या पोस्टमध्ये हा साचा सुटा करून बघायचा आहे. लाडवाची चेष्टा करायची नाहीये. लाडू चांगलाच असतो आणि असे प्रबंध करणारी मुलं मेहनत करतात. ९० दिवस साठ मुलींना समोर बसवून लाडू खायला लावणं म्हणजे गंमत नाही. पण मी स्वतः जैवरसायनशास्त्रातून पोषणाकडे आले, त्यामुळे पोषणाची पाठ्यपुस्तकं मला जरा उशिरा आणि सलग वाचावी लागली. ती वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. आपल्याकडे पोषण शिकवताना आकडा हा तयार माल म्हणून हातात दिला जातो. लोह इतकं मिलिग्रॅम, प्रथिनं इतकी ग्रॅम, बीएमआय इतका असेल तर ठीक. तो आकडा कुठल्या मोजमापातून, कुठल्या गृहीतकावर, कुणाच्या भांडणातून तयार झाला हे अभ्यासक्रमात कुठेच येत नाही. आहारसल्ला देण्यासाठी कदाचित तेवढं पुरत असेल. संशोधनाला ते अजिबात पुरत नाही, आणि लाडवाच्या प्रबंधात ते उघडं पडतं.

आधी साचातलं गणित बघू. खाली दिलेले आकडे काल्पनिक आहेत, फक्त समजण्यासाठी.

समजा एका वसतिगृहातल्या मुलींचं सरासरी हिमोग्लोबिन ११.५ ग्रॅम आहे आणि प्रमाण विचलन १.२. एकाच मुलीचं हिमोग्लोबिन काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजलं तर दोन्ही आकडे तंतोतंत जुळत नाहीत. बोट टोचल्यावर दाबून रक्त काढलं का, त्या दिवशी तिने पाणी किती प्यायलं होतं, पाळी कधी झाली, यंत्र कुठलं, सगळ्याने थोडाथोडा फरक पडतो. दोन मोजण्यांमधला सहसंबंध ०.८ धरू. आता आपण ११ च्या खालच्या मुली निवडल्या. त्यांची सरासरी येईल साधारण १०.२. पण या मुली 'कमी हिमोग्लोबिनच्या' म्हणून जशा निवडल्या गेल्या, तशाच काही 'त्या दिवशी योगायोगाने कमी मोजल्या गेलेल्या' म्हणूनही निवडल्या गेल्या. पुन्हा मोजलं की हा योगायोगाचा भाग गळून जातो. दुसऱ्यांदा त्यांची अपेक्षित सरासरी येते १०.४६. म्हणजे काहीही न देता ०.२६ ग्रॅम वाढ. साठ मुली असतील तर फरकाची प्रमाण त्रुटी ०.०९ च्या आसपास, टी ची किंमत २.७ च्या वर, आणि पी ०.०१ पेक्षा कमी.

परत वाचा. लाडू दिलाच नाही, आणि निकाल 'अत्यंत सार्थ' आला.

याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टनने एकोणिसाव्या शतकात आईवडिलांची आणि मुलांची उंची मोजताना हे दाखवलं होतं, म्हणजे ही काही नवी भानगड नाही. संख्याशास्त्राच्या पेपरात तुम्ही पेअर्ड टी-टेस्टचं सूत्र पाठ करता. पण टोकाची माणसं निवडून त्यांनाच पुन्हा मोजलं तर ते सूत्र कशाचं उत्तर देतं, हा प्रश्न त्या पेपरात येत नाही. टी-टेस्ट फक्त एवढं सांगते की आधीचा आणि नंतरचा आकडा वेगळा आहे. का वेगळा आहे हे ती सांगत नाही, तिचं ते कामच नाही.

त्यात ९० दिवसांत जगात बाकीही गोष्टी घडतात. राष्ट्रीय जंतनाशक दिन मध्ये येऊन जातो. शाळेत आठवड्याला लोह-फॉलिक आम्लाची निळी गोळी मिळते. त्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. हंगाम बदलतो, पालेभाजी स्वस्त होते. आपण रक्तक्षयाच्या अभ्यासात आहोत हे कळल्यावर मुली घरी सांगतात आणि आई बीटरूट आणायला लागते. हे सगळं लाडवाच्या खात्यावर जमा होतं. उपाय माहीतच आहे: ज्यांना तसाच दिसणारा, पण अळीव नसलेला लाडू मिळेल असा दुसरा गट, आणि कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवणं. सरासरीकडे दोन्ही गट सारखेच परततात, निळी गोळी दोन्हीकडे सारखीच मिळते. दोन गटांतला फरक तेवढा लाडवाचा. हे प्रत्येक आराखड्यात का नसतं असं विचारलं की 'वेळ नव्हता, नमुना दुप्पट झाला असता' असं उत्तर मिळतं. साठ मुलींचे तीस-तीस करा. त्यातून ठाम काही सिद्ध होणार नाही कदाचित, पण निदान जे मोजायचं म्हणता तेच मोजलं जाईल.

आता लाडवाच्या आत जाऊ, कारण माझ्या मते खरी मजा तिथे आहे.

आराखड्यात लाडवाचं पोषणमूल्य दिलेलं असतं आणि त्यात अळिवाचं लोह १०० ग्रॅमला १०० मिलिग्रॅम असं असतं. हा आकडा 'न्यूट्रिटिव्ह व्हॅल्यू ऑफ इंडियन फूड्स' या पुस्तकातला. पुस्तकाचं मूळ १९३७ सालच्या एका आरोग्य पत्रिकेत आहे. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत डब्ल्यू. आर. एक्रॉइड यांनी ती तयार केली. पुढे ती प्रयोगशाळा हैदराबादला गेली, तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था, आणि १९७१ मध्ये सी. गोपालन, रामशास्त्री आणि बालसुब्रमणियन यांच्या नावाने ते पुस्तक आपल्याला माहीत असलेल्या रूपात आलं. भारतातल्या पोषणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते हाताळलं आहे आणि मला त्याबद्दल आदरच आहे. पण २०१७ मध्ये त्याच संस्थेने नव्याने तक्ते केले, 'इंडियन फूड कॉम्पोझिशन टेबल्स'. देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा केले, ५२८ पदार्थ, नवी उपकरणं. त्यात अळिवाचं लोह आहे १०० ग्रॅमला १७ मिलिग्रॅमच्या आसपास.

शंभराचे सतरा. आणि हे एकट्या अळिवाचं नाही. आपले लाडके पोहे जुन्या तक्त्यात २० मिलिग्रॅम लोहाचे होते, नव्यात साडेचारच्याही किंचित खाली. 'पोह्यात लोह भरपूर' हे वाक्य मी इतक्या आहारपत्रिकांत वाचलंय की ते आता म्हण म्हणून चालेल. फरक का पडला याची कारणं अनेक असू शकतात: नमुने वेगळे, मोजण्याची पद्धत वेगळी, धूळमाती किंवा लोखंडी यंत्रातून आलेलं लोह जुन्या नमुन्यांत मोजलं गेलेलं असणं. प्रत्येक पदार्थाचं कारण एकच असेल असंही नाही. पण दोन्ही तक्ते ग्रंथालयात शेजारी शेजारी असतात आणि विद्यार्थी जुनाच उघडतात, कारण मार्गदर्शकांनी तोच वापरला होता आणि त्यात आकडा मोठा आहे.

आकडा बदलल्याने काय होतं ते पाठीमागच्या कोऱ्या पानावर करून बघता येतं. एक मुलगी, वजन ४५ किलो. किलोमागे ६५ मिलिलिटर रक्त धरलं तर तिच्या अंगात साधारण २९ डेसिलिटर रक्त. हिमोग्लोबिन डेसिलिटरला एक ग्रॅमने वाढवायचं म्हणजे एकूण २९ ग्रॅम नवं हिमोग्लोबिन. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे शरीराला सुमारे १०० मिलिग्रॅम लोह आतड्यातून आत घ्यावं लागेल. आता लाडू. एका लाडवात १० ग्रॅम अळीव असं धरू. जुन्या तक्त्याने रोज १० मिलिग्रॅम लोह, ९० दिवसांत ९००. त्यातलं १० टक्के शोषलं गेलं असं उदारपणे मानलं तर ९० मिलिग्रॅम. हिमोग्लोबिन जवळजवळ एक ग्रॅमने वाढायला हवं. वा! आता नव्या तक्त्याने: रोज १.७ मिलिग्रॅम, ९० दिवसांत १५३, त्यातलं शोषलं गेलेलं १५. हिमोग्लोबिन वाढेल ०.१५ ग्रॅम, तेही आत आलेलं सगळं लोह हिमोग्लोबिनमध्येच गेलं तर. नाचणी, गूळ, खजूर यांचं लोह धरून हा आकडा हवं तर दुप्पट करा: ०.३. म्हणजे वर काहीच न देता मिळाली होती जवळपास तेवढीच वाढ.

आराखडा लिहिण्याआधी हे दहा मिनिटांचं गणित केलं असतं तर कळलं असतं की या मात्रेचा लाडू साठ मुलींच्या अभ्यासात दिसेल असा परिणाम करूच शकत नाही. आणि उलट बाजूही: अशा लाडवाने ९० दिवसांत दीड-दोन ग्रॅम वाढ झाली असं एखाद्या प्रबंधात वाचलंत, तर 'किती प्रभावी' असं म्हणण्याऐवजी तिथे थांबायला हवं. ते लोह आलं कुठून?

तिसरा आकडा शिफारशीचा. '२४ तासांची आहार-आठवण' घ्यायची, तक्त्यावरून पोषकद्रव्यं काढायची, शिफारस केलेल्या आहारमात्रेशी तुलना करायची आणि 'लोहाची ३१ टक्के कमतरता' असं लिहायचं, हे प्रात्यक्षिक आपल्याकडे पदवीच्या पहिल्या वर्षापासून प्रबंधापर्यंत चालतं. प्रौढ स्त्रीसाठी २०१० च्या शिफारशीत लोह २१ मिलिग्रॅम होतं; २०२० मध्ये ते २९ झालं. एका रात्रीत बायकांची गरज आठ मिलिग्रॅमने वाढली का? अर्थातच नाही. शिफारस ही गरज नसते. ती मुद्दाम वर ठेवलेली पातळी असते, जवळजवळ सगळ्यांची, म्हणजे १०० पैकी ९७-९८ जणींची गरज तिच्यात भागावी म्हणून. २०२० च्या अहवालाने पहिल्यांदा याच्याबरोबर सरासरी अंदाजित गरज वेगळी छापली: त्याच स्त्रीसाठी १५ मिलिग्रॅम. एखादी मुलगी रोज २० मिलिग्रॅम खात असेल तर शिफारशीच्या पट्टीने तिची '३१ टक्के कमतरता', आणि सरासरी गरजेच्या पट्टीने ती निम्म्याहून जास्त जणींना पुरेल एवढं खाते. तिची स्वतःची गरज किती हे यातला कुठलाच आकडा सांगत नाही. गटात किती जणींना कमी पडत असेल याचा अंदाज करायला सरासरी गरज वापरायची असते, असं त्या अहवालातच आहे. तो अहवाल वाचायला सांगितला जात नाही. त्यातला एक तक्ता पाठ करायला सांगितला जातो.

मराठी विद्यार्थ्याला हे माहीत नसावं याचं मला जास्तच वाईट वाटतं, कारण या प्रश्नावरचं मोठं भांडण पुण्यात झालंय. पांडुरंग सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, अन्न व कृषी संघटनेत सुमारे दोन दशकं सांख्यिकीचे प्रमुख. परत येऊन पुण्यात काम करू लागले तेव्हा त्यांनी म्हणायला सुरुवात केली की उष्मांकाची सरासरी गरज हीच रेषा धरून तिच्याखालच्या सगळ्यांना कुपोषित मोजणं चूक आहे. माणसामाणसांत गरज वेगळी असते, शिवाय एकाच माणसाची गरज आठवड्या-आठवड्याला बदलते. रेषा सरासरीच्या दोन विचलनं खाली हवी. दुसऱ्या बाजूला वि. म. दांडेकर. नीळकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ मध्ये त्यांनी दारिद्र्याची रेषा २,२५० उष्मांकांवर बेतली होती. १९८१ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त दोघांची जुंपली. सुखात्म्यांची रेषा मानली तर देशातले उपाशी लोक कागदावर झपाट्याने कमी होत होते, आणि तेच टीकाकारांना खटकत होतं. कमी खाऊन माणूस जगतो, पण तो कमी काम करून, कमी हालचाल करून जगत असेल तर त्याला 'जुळवून घेतलं' म्हणायचं का? माझं मत विचाराल तर सुखात्म्यांचा प्रश्न बरोबर होता आणि त्यांची रेषा धोकादायक होती. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की 'गरज' हा शब्द वादाचा आहे, आणि आपण तो गाळलेल्या जागा भरायला वापरतो.

'वेलनेस'बद्दल थोडक्यात, कारण नव्या शैक्षणिक धोरणानंतर 'पोषण आणि वेलनेस' अशा नावाचे ऐच्छिक पेपर दिसायला लागलेत आणि वाणिज्य-कला शाखेची मुलंही ते घेतात. घ्यावेत, चांगलंच आहे. या शब्दाला विद्यापीठात यायला ज्यांनी वाट करून दिली ते हॅलबर्ट डन हे अमेरिकेच्या जन्म-मृत्यू आकडेवारीच्या राष्ट्रीय कार्यालयाचे प्रमुख होते, आणि त्यांचं 'हाय-लेव्हल वेलनेस' हे पुस्तक १९६१ चं. मृत्यू मोजण्यात नोकरी गेलेल्या माणसाला आरोग्य म्हणजे नुसतं न मरणं नव्हे असं वाटावं, हे मला फार पटतं. आपल्या पेपरात मात्र त्याची पाण्याचे आठ ग्लास, सात तास झोप, प्राणायाम आणि बीएमआय अशी यादी होते. प्रकल्प काय, तर वर्गातल्या पन्नास जणांचा बीएमआय काढून 'सामान्य', 'जास्त' अशा रकान्यांत टाकायचे.

हा प्रकल्प देणाऱ्या प्रत्येकाने त्याआधी एक पानभर लेख वाचून दाखवावा असं मला वाटतं. २००४ च्या 'लॅन्सेट'मधला, पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा. दोघांचा एकत्र फोटो आणि खाली आकडे. बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. बस, एवढंच. वर्गातल्या पन्नास जणांना रकान्यात टाकल्यावर आपण नेमकं काय मोजलं, हा प्रश्न या फोटोतून आपोआप निघतो आणि त्याला उपकरणही लागत नाही.

मग वाचायचं काय? टीका करून मोकळं होणं सोपं असतं, म्हणून दोन शोधनिबंधांची एक जोडी सुचवते. दोन्ही महाराष्ट्रातले, दोन्ही गरोदर बायकांच्या आहाराबद्दलचे, आणि एकामागून एक वाचले तर लाडवाच्या साच्यात काय राहून गेलं ते लख्ख दिसतं.

पहिला २००१ चा, 'जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मधला. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या सुमारे ८०० गरोदर स्त्रियांचा आहार आणि त्यांच्या बाळांची जन्माची मापं. आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव पहिल्या लेखिका, सोबत केईएमचा आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचा गट. अपेक्षा अशी की जी जास्त उष्मांक आणि प्रथिनं खाते तिचं बाळ मोठं. तसं दिसलं नाही. दिसलं ते असं की ज्या स्त्रियांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं मोठी होती. लाडू-प्रबंध इथे थांबला असता आणि 'गरोदरपणी पालेभाजी खा' असं लिहून मोकळा झाला असता. पण पालेभाजी आणि दूध जास्त खाणारी बाई इतर बाबतींतही वेगळी असू शकते. घरी म्हैस असेल, सासू खाऊ देत असेल, शेतावरचं काम कमी असेल. लेखकांनी यातलं जे मोजता येतं ते हिशेबात घेतलं, पण निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही हे त्यांनाही माहीत होतं.

म्हणून दुसरा. २०१४, 'अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन', पहिले लेखक रमेश पोतदार. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमधल्या ६,५१३ स्त्रिया, गरोदर राहण्याच्या आधीपासून. चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटाला रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ, दुसऱ्या गटाला बटाटा, कांदा असल्या कमी सूक्ष्मपोषकांच्या भाज्यांचा खाऊ. दोन्हीकडे खाऊ, दोन्हीकडे देखरेख. लाडवाला लाडू, तसंच.

निकाल काय? सगळ्या स्त्रिया, जशा गटांत पडल्या तशाच मोजल्या, तर बाळांच्या वजनात फरक २६ ग्रॅम. विश्वास-अंतर उणे १५ ते अधिक ६८. म्हणजे ठोस काही नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान ९० दिवस आधी खाऊ सुरू केला होता तेवढ्याच मोजल्या, तर ४८ ग्रॅम, अंतर १ ते ९६, पी ०.०४६. मुलाखतीला येणारे बरेच जण या निबंधातून फक्त हाच आकडा घेऊन येतात, 'खाऊने वजन ४८ ग्रॅमने वाढलं' म्हणून. त्यांना माझा प्रश्न असतो की ९० दिवस आधी सुरू करणाऱ्या बायका कोण? ज्यांना दिवस लगेच राहिले नाहीत त्या. चिठ्ठ्या टाकल्या होत्या सगळ्यांच्या, निवड केली काहींची. तिथे चिठ्ठ्यांचं संरक्षण थोडं पातळ होतं. हा विश्लेषणाचा मार्ग वैध आहे, गर्भधारणेपूर्वीचा आहार हाच तर त्यांचा प्रश्न होता. पण दोन आकड्यांना सारखा भाव देता येत नाही, आणि निबंधात २६ आधी येतो, ४८ नंतर.

त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. गरोदरपणाआधीच्या बीएमआयप्रमाणे स्त्रियांचे तीन भाग केले तेव्हा सर्वांत बारीक स्त्रियांमध्ये, बीएमआय १८.६ च्या खाली, फरक उणे २३ ग्रॅम. मधल्यांमध्ये अधिक ३४. २१.८ च्या वरच्यांमध्ये अधिक ९६. म्हणजे ज्या बायकांसाठी आपण असे खाऊ बनवतो, त्यांच्यातच परिणाम दिसला नाही. का, याची उत्तरं अंदाजाची आहेत. कदाचित आधीच उष्मांक कमी पडत असतील तर आलेलं पोषण आईच स्वतःसाठी वापरत असेल. कदाचित उपगटांच्या विश्लेषणात नेहमी असतो तसा काही योगायोगही असेल, जरी इथे आंतरक्रियेचा पी ०.००१ पेक्षा कमी आहे. पण एवढी वर्षं काम करून, हजारो बायकांना रोज खाऊ देऊन, आपल्याला हवा तो निकाल सरळ आला नाही हे त्यांनी सारांशातच लिहिलं. पुढे याच प्रकल्पातून गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण खाऊच्या गटात कमी आढळलं, १२.४ टक्क्यांच्या जागी ७.३. वजनाकडे बघत बसलेल्यांना ते दिसलं नसतं.

आता काही प्राध्यापक म्हणतील, आणि एकांनी मला म्हटलंही आहे, की सहा हजार बायकांचा अभ्यास आणि एम.एस्सी.च्या मुलीचा सहा महिन्यांचा प्रबंध यांची तुलना अन्यायाची आहे. पैशाच्या बाबतीत आहेच. पण मुंबईच्या निबंधातल्या ज्या गोष्टींबद्दल मी बोलतेय त्या पैशाच्या नाहीत. दुसऱ्या गटालाही खाऊ देणं, चिठ्ठ्या टाकणं, न आवडलेला आकडा आधी लिहिणं, परिणाम कुणात दिसला नाही ते सांगणं. आणि सहा महिन्यांत लाडू-प्रबंधच का करायचा? वर्गातल्या वीस मुलींचं हिमोग्लोबिन एका आठवड्यात तीनदा मोजून दोन मोजण्यांत फरक किती पडतो एवढंच काढलं, तर पुढच्या प्रत्येक लाडूवाल्याला ते उपयोगी पडेल. दोन तक्त्यांमधले पन्नास मराठी पदार्थ घेऊन लोहाच्या आकड्यांत फरक कुठे आणि किती, हा प्रबंध होऊ शकतो. प्रयोगशाळाही लागत नाही. असे विषय 'नावीन्य नाही' म्हणून समितीत पडतात हे मला माहीत आहे. शेवग्याची पूड घातलेला आणखी एक लाडू मात्र नावीन्यात बसतो.

सरासरीकडे परतण्याचं वरचं गणित एक्सेलमध्ये करून बघा. यादृच्छिक संख्यांनी पाचशे मुली बनवा, दोनदा मोजा, ११ च्या खालच्या साठ निवडा आणि टी-टेस्ट लावा. वीसेक वेळा करा आणि किती वेळा 'लाडू प्रभावी' येतो ते खाली कमेंटमध्ये लिहा. २४ तासांच्या आहार-आठवणीबद्दल आणि लोक जेवण सांगताना काय विसरतात याबद्दल पुढच्या पोस्टमध्ये लिहीन, ते या पोस्टमध्ये मावलं नाही.